पायरीखालचा सम्राट

जुनी नाणी जमविणाऱ्या गृहस्थाला आपण विचारावे, "हे किती जुने?" तो तत्काळ सांगतो. "किमती किती?" तेही सांगतो, कित्येकदा न विचारताच सांगतो. पण "हे सापडले कोठे?" असा तिसरा प्रश्न केला, की तो बहुधा चष्मा पुसू लागतो. आमच्या मते सारा खरा प्रकार या तिसऱ्या प्रश्नातच आहे.

हा छंद मोठा कुलीन आहे, यात शंका नाही. इटालियन कवी पेत्रार्क हा रोमन नाण्यांचा आद्य संग्राहकांपैकी एक. १३५४ साली मांतुआ नगरीत चौथ्या चार्ल्स राजाची व त्याची भेट झाली, तेव्हा त्याने आपल्या संग्रहातील सोन्यारुप्याची काही नाणी राजाला नजर केली. त्यांवर प्राचीन सम्राटांचे मुखवटे होते. ऑगस्टसही त्यांत होता. ज्यांच्या गादीवर आपण बसू पाहता त्यांच्यासारखे वागा, हा त्या भेटीचा आशय. नाणे हा कवीच्या लेखी ठेवा नव्हता, उपदेश होता.

नाण्यावरचा सम्राट तगून राहिला, कारण तो लहान होता आणि संख्येने फार होता. कांस्याच्या मूर्तींचे तसे नाही. कांस्य पुन्हा वितळते. त्याची भांडी होतात, शस्त्रे होतात. म्हणून रोमन सम्राटांची संगमरवरी मस्तके मुबलक, कांस्याची विरळा. अशाच एका विरळा मस्तकाची कथा आम्हांस फार आवडते.

इसवी सनापूर्वी २५ च्या सुमारास कुश राज्याच्या सैन्याने रोमनांच्या ताब्यातील इजिप्तवर स्वारी केली. तेथील ऑगस्टसच्या एका पुतळ्याचे मस्तक तोडून ते आजच्या सुदानातील मेरोए या राजधानीत नेण्यात आले आणि देवळाच्या पायऱ्यांखाली पुरण्यात आले. आल्यागेल्याने जगज्जेत्याच्या डोक्यावर पाय द्यावा, हा हेतू! १९१० साली जॉन गार्स्टँग यांना उत्खननात ते मिळाले. अपमानासाठी पुरले म्हणून ते वितळण्यापासून वाचले. काचेच्या बुबुळांचे डोळे आजही ब्रिटिश म्युझियममध्ये टक लावून पाहतात. पायऱ्यांची नोंद नसती, तर ते केवळ एक सुरेख मस्तक ठरले असते. कुशांचा तो मानी उद्गार आपल्या कानी आलाच नसता.

आता दुसरी बाजू पाहा. तुर्कस्तानातील बुबोन येथे सम्राटपूजेचे एक दालन होते. १९६० नंतरच्या दशकात चोरट्यांनी तेथील कांस्यमूर्ती उकरून विकल्या, आणि त्या समुद्रापार संग्रहालयांत व श्रीमंतांच्या घरी पोचल्या. मागे राहिले ते चौथरे. चौथऱ्यांवर सम्राटांची नावे कोरलेली, पण वर चेहरा नाही. आणि परदेशी चेहरे उभे, पण त्यांस गाव नाही. त्यांतील एक शिरविरहित मूर्ती अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या संग्रहालयातून २०२५ साली तुर्कस्तानात परतली, तीही मूर्तीतील मातीपर्यंत तपासण्या झाल्यावर. ज्याने पहिल्यांदा "कोठून आले?" हे न विचारता पैसे मोजले, त्यानेच ही ताटातूट केली, असे आम्ही म्हणतो.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. दक्षिण भारतात मिळालेल्या कित्येक रोमन सुवर्णनाण्यांवर नेमका सम्राटाच्या मस्तकावर छिन्नीचा घाव आढळतो. नाणे चलनातून बाद करण्यासाठी तो घातला की परक्या राजाची आण नाकारण्यासाठी, यावर विद्वानांचे एकमत नाही. परंतु तेच नाणे ठिकाण पुसून बाजारात आले, की व्यापारी त्याला "खराब माल" म्हणतो. घाव तोच, एकीकडे इतिहास, दुसरीकडे खोट.

आपल्या घरांतील पेट्यांतही काही असतेच. बडोदेकरांकडे सयाजीराव महाराजांची छबी असलेला रुपया निघेल, कोणाकडे शिवराई निघेल. तिच्यावर राजाचा चेहरा नाही, नुसती अक्षरे आहेत. आणि तरी तिला ओळख लागत नाही. दिवाळीच्या साफसफाईत अशी नाणी हाती आली, तर त्यांस चिंच लावून लख्ख करू नये. शतकांचा गंज गेला की अक्षरेही झिजतात. शेतात वा पायात निधी लागला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरास कळवावे. शंभर वर्षांहून जुनी नाणी वा मूर्ती परदेशस्थ चिरंजीवांस भेट म्हणून पाठवू नये. १९७२ च्या कायद्याने ते निषिद्ध आहे.

आणि एक काम आजच करावे. घरातील वृद्ध मंडळी आहेत तोवर प्रत्येक नाणे निराळ्या कागदी पाकिटात घालून त्यावर लिहावे : कोणी आणले, कोठून, कोणत्या निमित्ताने. आजीला ते ठाऊक असते. आपण विचारीत नाही, म्हणून ती सांगत नाही. आणि तिच्यामागे त्या नाण्याचे गाव कायमचे हरवते. मग पेटीत उरतो तो केवळ धातू, आणि धातूला शेवटी सोनाराच्या मुशीचीच वाट ठाऊक असते.