ग्रीन यांची ही उपमा आम्हांस अमान्य

कॅथलिक साहित्याचा विषय निघाला की आपल्याकडे ग्रॅहम ग्रीन यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. १९२६ साली त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ या कादंबरीत त्यांनी रंगविलेला धर्मगुरू दुर्बल आहे, मद्यपी आहे. तरीही छळाच्या काळात मेक्सिकोत तो आपल्या माणसांकडे परत जातो. असा धर्मगुरू उभा करणाऱ्या लेखकाविषयी अभिमान वाटणे रास्तच आहे. परंतु लेखक आपला म्हणून त्याचे प्रत्येक विधान शिरोधार्य मानावे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे.

ग्रीन हेरकथा लिहीत आणि काही काळ ते स्वतःही हेर होते. ‘द कॉन्फिडेन्शियल एजंट’ १९३९ साली आली. १९४१ मध्ये ते ब्रिटिश गुप्तहेर खात्यात रुजू झाले व सिएरा लिओनमधील फ्रीटाऊन येथे राहिले. १९४३ मध्ये लंडनला परतल्यावर त्यांच्याकडे पोर्तुगालसंबंधीचे काम आले. तेथे त्यांचे वरिष्ठ होते किम फिल्बी. १९४४ साली ग्रीन यांनी ती नोकरी सोडली. मैत्री मात्र सुटली नाही.

या अनुभवातूनच १९५८ साली ‘अवर मॅन इन हवाना’ जन्मास आली. व्हॅक्यूम क्लिनर विकणारा वर्मोल्ड लाडक्या लेकीच्या हौसेमौजेसाठी हेर होतो, खोटे हस्तक कागदावर उभे करतो आणि आपल्या यंत्राची चित्रे शस्त्रास्त्रांची म्हणून लंडनला धाडतो. आपण पोट धरून हसतो, आणि मग त्या खोट्या नावांपायी खरीखुरी माणसे मरू लागतात. कागदावर लिहिलेल्या नावामागे एक जीव असतो, हे या लेखकाला पक्के ठाऊक होते. म्हणूनच पुढे दहा वर्षांनी त्यांनी जे लिहिले त्याचा आम्हांस अधिक विषाद वाटतो.

फिल्बी सोव्हिएत संघाचे हस्तक होते. १९६३ साली ते बैरुतहून मॉस्कोला पळाले. १९६८ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि त्याला प्रस्तावना लिहिली ग्रीन यांनी! एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्लंडमधील जे कॅथलिक स्पेनच्या विजयासाठी झटले, त्यांच्या पंक्तीत त्यांनी फिल्बींना बसविले.

या उपमेला मुळीच आधार नाही असे आम्ही म्हणत नाही. कट करणारे कॅथलिक तेव्हा होते. परंतु एडमंड कॅम्पियन यांचे काय? १ डिसेंबर १५८१ रोजी टायबर्नच्या वधस्तंभाखाली उभे असताना त्यांनी एलिझाबेथ राणीसाठीच प्रार्थना केली. आणि फादर थॉमस स्टीफन्स? त्याच काळातले हे इंग्रज कॅथलिक १५७९ मध्ये गोव्यात आले. आपण त्यांना ‘ख्रिस्तपुराणा’चे कवी म्हणून वंदन करतो. १५८३ साली राल्फ फिच व त्यांचे सोबती हेरगिरीच्या संशयावरून गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत फादर स्टीफन्स होते. आपल्या धर्मासाठी त्यांनी मायदेश सोडला होता. देशबांधव मात्र सोडले नव्हते.

फिल्बींनी काय केले? १९४५ साली इस्तंबूलमधील सोव्हिएत अधिकारी कॉन्स्तांतिन वोल्कोव्ह ब्रिटिशांच्या आश्रयाला येऊ पाहत होते. फिल्बींनी मॉस्कोला खबर दिली. वोल्कोव्ह यांना उचलून नेले व ठार मारले. हे प्रकरण ग्रीन यांनी ज्याला प्रस्तावना दिली त्याच आत्मचरित्रात आले आहे. दुसरी हकीकत बेन मॅकिंटायर यांनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात दिली आहे. १९४४ मध्ये ब्रिटिशांकडे आलेल्या व्हेरमेरेन या कॅथलिक दांपत्याने जर्मनीतील नाझीविरोधी कॅथलिकांची नावे विश्वासाने सांगितली. फिल्बींनी ती यादी मॉस्कोला पोचविली. युद्धानंतर शोध घेतला तेव्हा त्यांतील अनेक जण हाती लागले नाहीत. कोणी हद्दपार झाले होते, कोणी मारले गेले होते. १९६८ साली ग्रीन यांना हे ठाऊक होते असा आमचा आरोप नाही. पण ज्या मित्राला त्यांनी छळ सोसणाऱ्या कॅथलिकांच्या रांगेत बसविले, त्याच्याच हातून ही यादी पुढे गेली!

कोणी म्हणेल, मित्रासाठी चार शब्द लिहिले, त्यात एवढे काय बिघडले? बिघडले ते असे. जेथे जेथे कॅथलिक अल्पसंख्य आहेत तेथे तेथे ‘तुमची निष्ठा नक्की कोठे?’ हा प्रश्न त्यांच्या दारी येतोच. ‘श्रद्धावंत हा अखेर परक्याचा हस्तक’ हे संशयखोरांचे जुनेच म्हणणे. ग्रीन यांच्या उपमेने त्याला एका कॅथलिकाची साक्ष मिळवून दिली. मित्रप्रेम ग्रीन यांचे. परंतु त्याचे मोल ज्यांनी कधी कोणाचा घात केला नाही अशांनी का भरावे?

सुदैवाने कादंबरीकार ग्रीन प्रस्तावनाकार ग्रीन यांच्याहून अधिक प्रामाणिक निघाले. १९७८ च्या ‘द ह्यूमन फॅक्टर’मधील मॉरिस कॅसल पत्नीवरील प्रेमापोटी आणि तिला वाचविणाऱ्या माणसाच्या उपकारापोटी फितूर होतो. अखेरीस तो मॉस्कोतील एका खोलीत एकटा उरतो आणि सारा दूर इंग्लंडमध्ये. दोघे दूरध्वनीवर बोलत असतानाच ती तारही मुकी होते. येथे उदात्त उपमा नाही; आहे तो फक्त हिशेब.

म्हणून घरातील तरुणांच्या हाती ग्रीन यांच्या कादंबऱ्या आपण जरूर द्याव्यात. मात्र ती प्रस्तावना वाचनात आली, तर कॅम्पियन आणि स्टीफन्स यांची आठवणही त्यांना करून द्यावी. लेखकावर प्रेम करावे. त्याची चूक पदरात घेऊ नये.