नीतिमत्त्व की न्याय?

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने भुकेल्या-तान्हेल्यांना धन्य म्हटले आहे (मत्तय ५:६). ते कशाचे भुकेले? प्रचलित मराठी भाषांतर उत्तर देते, नीतिमत्त्वाचे. हा शब्द कानी पडताच निर्व्यसनी, शीलवान, रविवारची मिस्सा न चुकविणारा गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. असा गृहस्थ आदरणीयच आहे. परंतु नीतिमत्त्वाची व्याप्ती एवढीच समजून 'धर्मगुरूंनी वेदीवरून न्याय-अन्यायाच्या गोष्टी बोलू नयेत, ते राजकारण झाले' असे जे बजावले जाते, त्याला शुभवर्तमानाचा आधार नाही.

मूळ ग्रीक शब्द आहे 'दिकायोसुने'. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथातील न्यायाची सारी चर्चा याच शब्दाभोवती फिरते. लॅटिन बायबलने त्यासाठी न्यायवाचक 'युस्तित्सिया' हा शब्द योजला. १५८२ साली ऱ्हीम्स येथे प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक इंग्रजी भाषांतराने 'जस्टिस' म्हटले, तर १६११ च्या किंग जेम्स भाषांतराने 'रायचसनेस'. ग्रीकमध्ये जे एक होते, त्याची अशी वाटणी झाली. मराठीतही नीतिमत्त्व देवघरात राहिले आणि न्याय कोर्टकचेरीत गेला.

या ग्रीक शब्दामागे जुन्या करारातील 'त्सेदाका' हा हिब्रू शब्द उभा आहे. नियमशास्त्र सांगते की, गरीब कर्जदाराचे गहाण ठेवलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे. परमेश्वरापुढे हीच त्सेदाका होय (अनुवाद २४:१३). संदेष्टा आमोस तर ती न्यायाच्या जोडीला बसवतो आणि तिच्यावाचून होणारे सण व स्तोत्रगायन देवाला नकोसे आहे असे ठणकावतो (५:२१-२४).

मत्तयाच्या शुभवर्तमानात 'दिकायोसुने' सात वेळा येतो. त्यात दानधर्म, प्रार्थना व उपवास यांचाही समावेश आहे (६:१-१८). भक्तीला त्यात स्थान नाही असे कोणी म्हणू नये. पण याच कुळातील विशेषण संत योसेफाला कोठे लावले आहे ते पाहावे. मरियेची बेअब्रू होऊ नये म्हणून तो झटतो, तेथे (१:१९). द्राक्षमळ्याचा धनी मजुरांना 'वाजवी' मजुरीचे वचन देतो, तेथेही तेच विशेषण आहे (२०:४). आणि 'दिकायोसुने'साठी ज्यांचा छळ होतो ते धन्य, असे प्रभू म्हणतो (५:१०). घरात बसून सदाचार पाळणाऱ्याचा छळ सहसा कोणी करीत नाही. छळ होतो तो दुसऱ्याचा हक्क मागणाऱ्याचा.

यावर आक्षेप येईल की, संत पौलाच्या शिकवणुकीप्रमाणे नीतिमत्त्व हे देवाचे दान आहे, समाजसुधारणेचा कार्यक्रम नव्हे. दान आहे, हे निर्विवाद. १९९९ साली कॅथोलिक व लुथरन चर्चनी आऊग्सबुर्ग येथे स्वाक्षरी केलेल्या संयुक्त जाहीरनाम्यातही कृपेचे अग्रस्थान मान्य केले आहे. मात्र सत्कृत्ये ही त्या कृपेची फळे होत, असेही तोच जाहीरनामा सांगतो. ज्याला देवाने आपल्याशी नीट जोडले, त्याने शेजाऱ्याशी वाकडे वागावे, हे कसे चालेल? शिवाय न्यायासाठी झटणे हे सुवार्ताप्रसाराचे अंगभूत कार्य आहे, असे १९७१ च्या बिशपांच्या सिनडने निःसंदिग्धपणे म्हटले आहे.

तेव्हा भाषांतर बदलावे की नाही, हे तज्ज्ञांनी ठरवावे. शब्द कोणताही राहो, त्याचा अर्धा अर्थ झाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा पगार थकविणारा, बहिणीचा वाटा तिच्याकडून गोड बोलून लिहून घेणारा, गवंड्याची मजुरी सणानंतर देईन म्हणणारा माणूस कितीही रोझरी म्हणो, मत्तयाच्या भाषेत तो 'दिकायोस' नाही. आणि हे बोलणाऱ्या धर्मगुरूला गप्प बसविणारी कुटुंबे शुभवर्तमानाचे रक्षण करीत नाहीत, त्यालाच गप्प बसवितात.