काचेच्या गिरणीला भोंगा नाही



ह्या गिरणीत सूत निघत नाही. कापूस उडत नाही, कानठळ्या बसत नाहीत. काचेची इमारत, गार हवा, गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. इथं तयार होणारा माल एकच : माणसाचे तास. दुसऱ्याच्या हिशेबाच्या वह्या तपासायच्या, सल्ला द्यायचा, आणि लागलेल्या तासांचं बिल गिऱ्हाइकाला लावायचं. ऑडिट म्हणा, कन्सल्टिंग म्हणा, धंदा हाच. वर भागीदार, त्यांच्याखाली मॅनेजर, मग सीनियर, आणि तळाला विशी-पंचविशीतली पोरं. तळ जितका राबेल तितका नफा वर वाटला जातो.

आपलीही पोरं आता तिथं शिरायला लागलीत. वस्तीत पेढे वाटतात. वाटा. पण पेढा खाताना एक विचारा : पोरगं घरी किती वाजता येतं?

मी सूतगिरणीतला माणूस. आमच्याकडं पाळी संपली की मशीनवर दुसरा उभा राहतो. मशीन चालू राहतं, मी सुटतो. काचेच्या गिरणीत दुसरा येतच नाही. पहिली, दुसरी, तिसरी, तिन्ही पाळ्या एकाच पोराच्या लॅपटॉपवर. भोंगा नाही, म्हणून सुटणं नाही.

वर म्हणतात, तुम्ही कामगार नाही, प्रोफेशनल आहात. आम्ही कंपनी नाही, कुटुंब आहोत. ह्या कुटुंबाचं काय झालं ते पुण्यानं पाहिलं.

केरळातली २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी. मार्च २०२४ मध्ये अर्न्स्ट अँड यंगच्या गटातल्या ऑडिट फर्ममध्ये पुण्याला कामाला लागली. जुलैत मेली. चार महिने. आईनं कंपनीच्या भारतातल्या प्रमुखाला पत्र लिहिलं : रात्रीचं काम, सुट्टीचं काम, आणि मातीला ऑफिसातलं एक माणूस आलं नाही. कंपनीनं मातीला न आल्याची खंत व्यक्त केली. पण कामाच्या ताणानं जीव गेला हे आम्ही मानत नाही, असं सांगितलं. तिला इतरांइतकंच काम होतं, म्हणाले.

इतरांइतकंच! अहो, आमची तक्रार हीच तर आहे. मरणाचं कारण डॉक्टर सांगतील. आम्ही तासांचं विचारतोय.

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याच्या कामगार खात्याचे अधिकारी त्या ऑफिसात गेले. काय सापडलं? ऑफिस २००७ पासून चालू, आणि दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नाही. हाच तो कायदा, ज्यानं तेव्हा दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तासांची हद्द घातली होती. जगाच्या वह्या तपासून 'कायदा पाळला, नाही पाळला' असा शेरा मारणारे हे लोक. १७ वर्षं ह्यांची स्वतःची नोंद सरकारदरबारी नाही, आणि सरकारलाही पोरगी मेल्याशिवाय दिसलं नाही.

तास मोजण्यात हे लोक कच्चे नाहीत. टाइमशीट असते. पण तिच्यात गंमत आहे. कामाला ठरवून दिलेले तास संपले, काम उरलं, तर उरलेले तास पोरं लिहीतच नाहीत. लिहिले तर 'तू ढिला' असा ठपका. न लिहिलेले तास कागदावर नसतात, म्हणून पुढच्या वर्षी तेवढेच कमी तास पुन्हा ठरतात. विकायचा तास मोजला जातो, जगायचा तास खोडला जातो.

म्हणतील, पगार बघ की रे! बघतो. पण तो पगार खऱ्या तासांनी भागा, मग बोला.

त्याच महिन्यात देशाच्या अर्थमंत्री चेन्नईच्या एका कॉलेजात बोलल्या. सूर असा की घरच्यांनी पोरांना ताण सोसायला शिकवावं, देवभक्तीतून आतली शक्ती मिळते. वा! तास कंपनीचे, आणि शक्ती देवाची. हे आपल्याला नवं नाही. सोसा, पुढच्या जन्मी मिळेल, हे आपल्या बापजाद्यांना हजारो वर्षं ऐकवलं गेलंय.

ऑस्ट्रेलियात ह्याच कंपनीच्या सिडनी ऑफिसात २०२२ साली एका कर्मचारी बाईचा मृत्यू झाला. त्यानंतर बाहेरच्या माणसांकडून पाहणी करून घ्यावी लागली. २०२३ चा तो अहवाल सांगतो : शंभरातले ३१ जण आठवड्याला ५१ तास किंवा त्याहून जास्त राबतात. शंभरातल्या ८ जणांनी वंशभेद सोसल्याचं सांगितलं. तिथं प्रश्न विचारला म्हणून आकडा निघाला. आपल्याकडं जातीचा प्रश्न कोण विचारणार? खाजगी कंपनीला आरक्षण लागू नाही, त्यामुळं जातीची मोजदाद नाही. आडनाव मात्र पहिल्या दिवशी विचारतात.

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खातं आपल्याला बंद होतं. धोट्यातला दोरा तोंडानं ओढायचा, आणि आपली थुंकी बाटवते! जास्त पगाराचं खातं म्हणून ते इतरांचं. काचेच्या गिरणीतलं विणकाम खातं कुठलं? गिऱ्हाइकासमोर कुणाला बसवतात, आणि रात्री दोनला आकडे जुळवायला कुणाला ठेवतात? हे आपल्याच पोरांनी लिहून काढायला हवं.

बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांना दोन शत्रू दाखवले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण एक लक्षात ठेवला, दुसऱ्याच्या ऑफिसात नोकरी लागली म्हणून पेढे वाटले. मजूरमंत्री असताना १९४६ साली त्यांनीच कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारं विधेयक मांडलं. आणि महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये काय मंजूर केलं? दुकानं-ऑफिसांचा दिवस ९ वरून १० तास, कारखान्याचा ९ वरून १२. पुतळ्याला हार, आणि त्यांनी मिळवलेल्या तासाला कात्री.

म्हणून काचेतल्या भावा-बहिणींनो, 'कामगार' शब्दाची लाज टाका. आस्थापना कायद्यात व्यवस्थापकीय कामाला सूट आहे. हुद्दा चढला की संरक्षण उतरतं, हे त्या 'असिस्टंट मॅनेजर'च्या कार्डामागं लिहून ठेवा. स्वतःची एक वही करा. खरे तास लिहा : आलो किती वाजता, सुटलो किती वाजता, रविवार गेला कुठं. दहा वह्या जमल्या की घेऊन कामगार आयुक्तांच्या दारात चला. आम्ही सूतगिरणीवाले बरोबर येऊ.

भोंगा मालकानं फुकट दिला नव्हता. तुमचाही तुम्हालाच वाजवावा लागेल.

जयभीम.