स्वस्त राऊटर कितीला पडला?

आपल्या शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत गेल्या वर्षी जूनमध्ये एक राऊटर आला. किंमत १,९५० रुपये, आणि सोबत बारा बिटांची पेटी मोफत. नावाजलेल्या कंपनीचे तेवढ्याच आकाराचे यंत्र त्या वेळी ५,४०० रुपयांना मिळत होते. संस्थेच्या नियमाप्रमाणे तीन दुकानांची कोटेशने मागवली गेली आणि सर्वांत कमी दर मंजूर झाला. यंदाच्या अंदाजपत्रकात आणखी एका राऊटरची मागणी आहे. म्हणजे पुन्हा तीन कोटेशने येणार. ती उघडण्यापूर्वी पहिल्या राऊटरच्या वर्षभराच्या कामाचा विचार व्हावा, असे आम्हांला वाटते. विश्वस्त मंडळींनी हे टिपण त्याच दृष्टीने वाचावे. पालकांनीही वाचावे, कारण पैसा त्यांच्या देणग्यांतला आहे आणि खोलीत त्यांची मुले असतात.

ज्यांना हे यंत्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. घरी सनमायका लावायला मिस्त्री येतो, तेव्हा कडा साफ करायला तो एका हातात मावणारे, कर्कश आवाजाचे यंत्र काढतो आणि त्याला ट्रिमर म्हणतो. तो राऊटरचाच धाकटा भाऊ. आपण घेतला तोही याच जातीचा. वर मोटर, खाली सपाट बैठक आणि मधोमध फिरणारा बिट. लाकडाची कड गोल करणे, खाच पाडणे, नक्षीची गोलाई काढणे अशी जी कामे पूर्वी वेगवेगळ्या रंध्यांनी आणि पटाशीने होत, ती हा बिट बदलून करतो. मिनिटाला सुमारे तीस हजार फेरे. २५ मि.मी. व्यासाचा बिट या गतीने फिरला की त्याच्या धारेचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या वर जातो. अहमदाबाद-वडोदरा द्रुतगती मार्गावर मोटारीलाही एवढ्या वेगाची परवानगी नाही. आठवीतल्या मुलांनी हे गणित स्वतः करून पाहावे. परीघ काढता आला की पुरे.

आधी या यंत्राच्या बाजूने बोलू, कारण बोलण्यासारखे आहे. शाळेतली जुनी बाके सागवानी आहेत, लाकूड अजून खणखणीत, पण कडा फाटून कुसे निघालेली. गणवेश अडकतात, बोटांत कुसळे जातात. सुतारकामाच्या सरांनी या यंत्राला गोलाईचा बिट लावून वर्षभरात ६४ बाकांच्या कडा गुळगुळीत केल्या. या बिटाच्या टोकाला छोटे बेअरिंग असते, ते लाकडाच्या कडेला टेकून चालते, त्यामुळे हात थोडा हलला तरी गोलाई बिघडत नाही. खोली केसभर कमी-जास्त झाली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. बाहेरच्या मिस्त्रीकडून हेच काम करून घेतले असते, तर त्याच्या मजुरीत यंत्राची किंमत केव्हाच वसूल झाली असती. एवढ्या कामापुरते बोलायचे, तर १,९५० रुपये सार्थकी लागले.

वाचनालयाच्या कपाटाचे काम निघाले, तेव्हा मात्र चित्र बदलले. कपाटाच्या दोन्ही बाजूंच्या प्लायवूडमध्ये आडव्या खाचा पाडायच्या आणि त्यांत फळ्या बसवायच्या. खाच सहा मि.मी. खोल हवी. ती पुढे सहा आणि मागे सात भरली, तर फळी पुढून टेकते आणि मागून हलते. नेमके तेच झाले. सरांना प्रथम वाटले की बैठकीचा खटका ढिला पडतो आहे. तो प्लास्टिकचा असल्यामुळे थोडा ढिला पडतही होता. पण तो आवळूनही खाच खोल जातच राहिली. मग त्यांनी बिटाच्या दांड्यावर, जिथे तो यंत्रात शिरतो तिथे, पेनने एक रेघ मारली आणि हातभर खाच पाडून यंत्र बंद केले. रेघ खाली सरकली होती. बिट चालता चालता बाहेर येत होता.

कारण व्हर्नियरने सापडले. बिटाचा दांडा धरणारी चिरलेली नळी असते, तिला कॉलेट म्हणतात. यंत्राच्या खोक्यावर ‘६ मि.मी.’ छापले होते आणि पेटीतल्या बिटांचे दांडेही सहाच भरले. कॉलेट मात्र पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ मि.मी.चे निघाले. ०.३५ मि.मी. हा फरक डोळ्याला दिसत नाही. नट आवळला की कॉलेट दांड्यावर चिमटते आणि हाताला घट्टही लागते, पण तिची पकड सगळीकडे सारखी बसत नाही. दुकानदाराला विचारले तर उत्तर मिळाले, ‘सहा काय नि पाव इंच काय, एकच.’ ते एकच नाही. आपल्या बाजारात दोन्ही मापांचे बिट शेजारी शेजारी टांगलेले असतात, म्हणून घरी असे यंत्र असलेल्या पालकांनीही हे लक्षात ठेवावे. तीस हजार फेऱ्यांवर सुटलेला बिट कुठे जाईल, हे आधी सांगता येत नाही. सरांनी त्याच दिवशी यंत्र कुलपात ठेवले आणि पाव इंची दांड्याचे बिट आल्यावरच बाहेर काढले. त्यांच्या सावधपणाची नोंद या अंकात व्हायला हवी.

आता हिशेब. यंत्र १,९५०. योग्य दांड्याचे, कार्बाइडच्या धारेचे तीन बिट १,३५०. मोफत पेटीतल्या बिटांची धार तशीही टिकत नव्हती, कारण प्लायवूडमधला गोंद धारेला लाकडापेक्षा जास्त खातो. कार्बन ब्रशची जोडी १२०, तीही दुसऱ्या यंत्राची घेऊन कानशीने घासून बसवलेली, कारण या यंत्राचे सुटे भाग मिळत नाहीत. वाया गेलेले प्लायवूड अंदाजे १,३००. एकूण ४,७२०. महाग यंत्र घेतले असते, तरी तीन बिट लागलेच असते, म्हणजे ६,७५०. सगळे नुकसान धरूनही स्वस्त यंत्र २,०३० रुपयांनी स्वस्तच पडले! स्वस्त वस्तू शेवटी महाग पडते असे आपण सहज म्हणून टाकतो. इथे ते आकड्यांनी सिद्ध होत नाही आणि आम्ही तसा आव आणणार नाही.

तरीही दुसरा राऊटर असा घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. या ४,७२० रुपयांत आज आपल्याकडे कडा गोल करणारे यंत्र आहे, खाच पाडणारे नाही. कपाट अर्धवट उभे आहे आणि पुस्तके खोक्यांत आहेत. शिवाय कॉलेटची गोष्ट रुपयांत मोजता येणारी नाही.

एका विश्वस्तांनी आम्हांला विचारले की शहरातले मिस्त्री अशीच स्वस्त यंत्रे दिवसभर चालवतात, मग शाळेलाच काय झाले? प्रश्न योग्य आहे. मिस्त्रीचा कान तयार असतो. आवाज बदलला की तो यंत्र थांबवतो आणि बिघडले की टाकून दुसरे आणतो. शाळेत वस्तू एकदा डेडस्टॉक रजिस्टरला चढली की दहा वर्षे हलत नाही. सर बदलतात, विद्यार्थी बदलतात, यंत्र तेच राहते. म्हणून शाळेच्या यंत्रात पकड, खटका आणि सुटे भाग यांना जास्त किंमत द्यावी लागते. खोक्यावरचे वॅट आणि मोफतची पेटी यांना कमी.

तुकड्या घटत असताना सुतारकामावर खर्च कशाला, असेही कानावर येते. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले आणि जिथे पुढे दादासाहेब फाळके शिकले, त्या गावातल्या मराठी शाळेत हाताचे काम आठवड्याच्या एका तासावर येऊन बसले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांबरोबर काम करण्याची शिफारस आहे. आपल्याकडे खोली आहे, शिकवणारे सर आहेत, सागवानाची पारख असलेले आजोबा घरोघर आहेत. संखेड्याचा झोपाळा ज्या संघाड्यावर घडतो, तो मुलांना तासाभराच्या वाटेवर दाखवता येतो. हे सोडून देण्यासारखे नाही.

मात्र राऊटर मुलांच्या हाती देऊ नये. त्यांनी करवत, रंधा, पटाशी आणि गुण्या हाताळावा. यंत्र सरांनी चालवावे आणि मुलांनी चष्मा लावून लांबून पाहावे. बिट ज्या दिशेने यंत्राला ओढतो, तिच्या उलट यंत्र का सरकवायचे, हे पाहूनही समजते. भुशाकडेही आपण हसून दुर्लक्ष करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाचा भुसा कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरला आहे. मास्क, चष्मे आणि कानांवरची झाकणे यांची रक्कम यंत्राच्या रकमेतच धरावी, नाहीतर ती कधीच मंजूर होत नाही.

मंडळाला आमची विनंती अशी. हत्यारे आणि यंत्रे यांना सर्वांत कमी दराच्या नियमातून वगळावे. दर तिघांकडून मागवावेत, पण सरांनी दुकानात जाऊन यंत्र उघडून पाहावे. कॉलेट व्हर्नियरने मोजावे, त्यात सरळ पोलादी कांडी बसवून हाताने फिरवावी आणि टोक डगमगते का ते पाहावे. खटका आवळून बैठक हाताने ओढून बघावी. ब्रश आणि कॉलेट सुटे मिळतात का, ते विचारून घ्यावे आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे. या कसोटीला उतरलेल्यांत जो स्वस्त, तो खुशाल घ्यावा. तो नावाजलेल्या कंपनीचाच असला पाहिजे, असा आमचा हट्ट नाही.

आणि जुना राऊटर भंगारात काढू नये. त्याच्यावर ‘फक्त कडांसाठी, फक्त पाव इंची बिट’ असे रंगाने लिहून तो खोलीतच ठेवावा. वरच्या मजल्यावरची २१ बाके अजून बाकी आहेत.