आधी मत, मग काटकसर

आमच्या मजल्यावर रात्री अकरानंतर दोनच विषय चालतात, बॅकलॉग आणि राजकारण. परवा दुसरा निघाला. देवरीकडचा एक मित्र म्हणाला, "काय बे, मत देऊन उपयोग काय? निवडणुकीआधी सगळे दानशूर कर्ण, निकाल लागला की तिजोरी रिकामी!" सगळे हसले. मी कॅल्क्युलेटर काढला. (सिव्हिलवाल्याची खोड, माफ करा.)

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी 'लाडकी बहीण'चे पैसे सुमारे २ कोटी ३४ लाख महिलांना मिळाले होते. महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये. गुणाकार करा : ४२,१२० कोटी. महायुतीच्या जाहीरनाम्यात तर २,१०० होते, म्हणजे जवळपास ५९ हजार कोटी. आणि मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तरतूद किती? ३६,००० कोटी. त्याला १८,००० ने भागलं की उत्तर येतं बरोबर २ कोटी. २,१०० बाजूलाच राहिले, उलट ३४ लाख बहिणी कमी होणार हे त्याच दिवशी कागदावर दिसत होतं! जुलै २०२५ मध्ये सरकारनेच सांगितलं, २६ लाख ३४ हजार लाभार्थ्यांचे पैसे थांबवले. त्यात हजारो पुरुष निघाले, त्यांना वगळलंच पाहिजे. पण ही तपासणी मतदानाआधी का नाही झाली?

कर्जमाफीचंही तेच. जाहीरनाम्यात होती. मार्च २०२५ च्या शेवटी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी सांगितलं, ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा. धान विकून हप्ता भरायचा की बोनसची वाट बघायची, हा प्रश्न आपल्यातल्या कित्येकांच्या घरी आहे.

आणि सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच. मे २०२५ मध्ये याच योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी वळवले गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहं याच खात्यांत येतात. बहिणीला द्यायचं आणि भावाच्या शिष्यवृत्तीच्या खात्यात हात घालायचा, हा कुठला हिशेब? या कपातीची पोस्टरं कुणी लावत नाही.

लोक चिडत नाहीत असं नाही. भंडारा-गोंदियाने २००९ मध्ये प्रफुल्ल पटेल, २०१४ मध्ये भाजपचे नाना पटोले, २०१८ च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे, २०१९ मध्ये भाजपचे सुनील मेंढे आणि २०२४ मध्ये काँग्रेसचे प्रशांत पडोळे निवडले. पंधरा वर्षांत पाच खासदार! पुढे सहाच महिन्यांत जिल्ह्यातल्या चारही विधानसभा जागा महायुतीला. एवढ्या वेळा भाकरी फिरवली, तरी तव्याखालचा जाळ कोण बघतो?

हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. ब्रिटनमध्ये २०१० ला लिबरल डेमोक्रॅट पक्षाने विद्यार्थ्यांना लेखी वचन दिलं, फी वाढू देणार नाही. मग ते सत्तेत भागीदार झाले आणि खर्चकपातीच्या नावाखाली विद्यापीठाच्या फीची मर्यादा सुमारे ३,३०० पाउंडांवरून ९,००० वर गेली. २०१५ मध्ये त्यांचे ५७ खासदार होते, उरले ८. बरी अद्दल घडली! पण फी? ती काही खाली आली नाही, उलट पुढे अजून वाढली.

माझं म्हणणं एवढंच की नंतर पाडण्यापेक्षा आधी विचारणं स्वस्त पडतं. इस्टिमेटमध्ये परिमाण गुणिले दर लिहिल्याशिवाय सर सही करत नाहीत, मग जाहीरनाम्याला आपण कशी करतो? बाबांना २००४ चं अजून आठवतं. निवडणुकीआधी शेतीपंपाचं बिल शून्य आणि निवडून आल्यावर, २००५ मध्ये, बिल पुन्हा सुरू. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, पैसा कोणत्या खात्यातून?

आमच्या मेस कमिटीच्या निवडणुकीत एकाने आठवड्यातून दोनदा पनीर देतो म्हटलं. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "बिल किती वाढन ते सांग आधी." बिचारा अर्ध्या तासात एकदाच्या पनीरवर आला.