परिषदेला निघताना

बुलढाणा जिल्ह्याचे ठिकाण, पण तिथे रेल्वे जात नाही. इथल्या परिषदेला येणारा पाहुणा नेमका याच ठिकाणी अडतो आणि घाईने खासगी गाडी ठरवून मोकळा होतो. तशी गरज नसते. मुंबई-हावडा मार्गावरचे मलकापूर स्टेशन सुमारे ४५ किलोमीटरवर. तिथून मोताळा, मग राजूर घाट चढून एसटी बुलढाण्यात पोहोचते. मुंबईची विदर्भ एक्स्प्रेस मलकापूरला उत्तररात्री सोडते, म्हणून पहाटेची पहिली बस किती वाजता सुटते हे आयोजकांनी निमंत्रणपत्रिकेतच छापायला हवे. दूरच्या पाहुण्याला हारतुऱ्यांपेक्षा ती एक ओळ जास्त उपयोगाची. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, फक्त ओळखपत्र जवळ हवे. परिषदेनंतर सिंदखेडराजा, लोणार, शेगाव पाहायचे असेल तर ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास विचारावा. शेगावला मुक्काम केला तर गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात माफक दरात स्वच्छ खोली मिळते. पाहुण्यांच्या प्रवासाचा हा प्रश्न जिल्ह्यापुढे आधीच मोठ्या प्रमाणावर येणार होता: ९१वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१७ मध्ये याच जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाला जाहीर झाले होते. आश्रमाने माघार घेतली आणि ते बडोद्याला गेले. ते इथे झाले असते, तर रेल्वेपासून लांबच्या गावी हजारो रसिकांना स्वस्तात कसे आणायचे, याची घडी जिल्ह्याला बसवावीच लागली असती. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी तर ब्रिटिश काळापासूनची आहे. तो मार्ग होईपर्यंत सारी भिस्त एसटीवर, आणि मलकापूरहून पहाटे सुटणाऱ्या गाड्या वाढवण्याची मागणी आयोजकांनी आधीच आगाराकडे लेखी नोंदवावी.