डबा हरवला म्हणून काय झालं?

माझी पुतणी अमेरिकेत, इलिनॉयमध्ये शिकते. मागच्या एप्रिलात तिने आणि तिच्या मैत्रिणींनी हेलियमचा एक मोठा फुगा आकाशात सोडला. फुग्याखाली पॅराशूट, त्याखाली थर्माकोलचा डबा. डब्यात तापमान आणि हवेचा दाब मोजणारी यंत्रं, जीपीएस, छोटा कॅमेरा आणि तळहातावर मावेल एवढा रेडिओ. त्या रेडिओसाठी पोरीने हॅमची परीक्षा देऊन परवाना काढला होता. इकडे आम्ही जेवणाची ताटं बाजूला ठेवून इंटरनेटवरच्या नकाशातला ठिपका बघत बसलो होतो.

फुगा २९ किलोमीटरवर फुटला आणि डबा उतरत उतरत मिशिगन सरोवरात गेला. कॅमेरा गेला, फोटो गेले. फोनवर मी पटकन बोलून गेलो, "अरेरे, सगळं फुकट गेलं की गं!"

ती चिडलीच. "काका, तू पण? इथेही सगळे हेच म्हणतायत. अरे, आकडे तर सगळे आलेत!"

मी गप्प बसलो. नंतर विचार केला, थोडं वाचलं, आणि आता माझं मत असं आहे की पोरीचंच बरोबर होतं.

फ्रान्समधल्या तेसरां द बोर या माणसाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असेच दोनशेहून जास्त फुगे सोडले. वर जावं तशी थंडी वाढत जाते, पण साधारण ११ किलोमीटरनंतर तापमान उतरायचं थांबतं, हे त्याने १९०२ साली जगाला सांगितलं. त्याची यंत्रं आकडे स्वतःपाशीच नोंदवून ठेवायची. डबा सापडला नाही तर खरोखरच सगळं फुकट! मग १९३०च्या सुमारास फुग्यात रेडिओ आला आणि चित्र पालटलं. आज जगभरातली शेकडो हवामान केंद्रं रोज फुगे सोडतात. आपल्या सांताक्रूझहूनही सोडतात. त्यातले बहुतेक डबे कधीच परत येत नाहीत, आणि त्याबद्दल कोणी हळहळतही नाही. माहिती आधीच खाली आलेली असते.

अर्थात, नेहमीच असं चालत नाही. २००५ साली हैदराबादहून इस्रोचा फुगा ४१ किलोमीटरपर्यंत गेला, तो वरची हवा नळ्यांत भरून आणायला. त्या नमुन्यांत सूक्ष्मजीव सापडले. ते तपासणाऱ्या दोन प्रयोगशाळांपैकी एक आपल्या पुण्याची. तिथे डबा हरवून चाललं नसतं, हवा काही रेडिओवरून पाठवता येत नाही!

म्हणजे मुद्दा साधा आहे. आपण वर काय आणायला चाललोय, हे आधी ठरवायचं. हल्ली अशा प्रयोगांत काळं आकाश आणि पृथ्वीची गोलाई दाखवणारा फोटो हेच बक्षीस होऊन बसलंय. फोटो सुंदर असतो, नाही म्हणत नाही. पण तो आला नाही म्हणून मुलांच्या कामावर 'फेल' असा शिक्का मारणं मला पटत नाही.

त्यांची चूक झाली नाही असं नाही. वाऱ्याचा अंदाज त्यांनी आदल्या दिवशीचा धरला. सकाळी पुन्हा बघितला असता तर त्या दिवशी फुगा सोडलाच नसता. शिवाय सरोवरात थर्माकोल टाकणं काही चांगलं नाही. हे तिने स्वतःच अहवालात लिहिलंय. मला त्या अहवालातली ती ओळच सगळ्यात जास्त आवडली.

वहिनीने फोटो मागितला तेव्हा तिने तापमानाचा आलेख पाठवला. रेघ खाली खाली येते, उणे पंचावन्नच्या आसपास थांबते, आणि मग हळूहळू वर चढू लागते. वर ओझोन ऊन शोषतो म्हणून. वहिनीला त्यातलं फार कळलं नाही, पण आल्यागेल्याला दाखवते.

असो. पुढचा फुगा ऑक्टोबरात आहे. यावेळी मी फोटो मागणार नाही.